गुरुवारच्या लाँचला घोडा

अबेलार्दो चिग्वायच्या घरी नेट आलं त्याला मी जबाबदार नाही, हे आधीच सांगून टाकते. मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, "कोंपाद्रे, ज्याला यायचंय तो लाँचने येतो. तारेतून कोणी येत नसतं." पण सांगतेय कोणाला! त्याच्या मुलीच्या, निल्डाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारी मी, म्हणून आम्ही दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणतो. या नात्यात भांडलेलं चालतं, ऐकलेलं चालत नाही.

निल्डा दूर दक्षिणेला पुंता अरेनासला असते. नवरा, नोकरी, पोरं, सगळं तिकडेच. तरी आई गेल्यावर ती दर उन्हाळ्याला फेब्रुवारीत यायची आणि पंधरा दिवस बापाचं घर घासूनपुसून जायची. मग एका वर्षी अबेलार्दोला निमोनिया झाला आणि तिला तो बरा झाल्यावर कळला. मोबाईल आमच्या पुंता कोलोच्या बाजूला चालत नाही; टेकडीवर चढून हात वर केला तर कधीतरी एखादी काडी दिसते, ती बघेपर्यंत जाते. निल्डा भडकली. म्हणाली, एक तर माझ्याकडे राहायला या, नाहीतर घरी नेट घ्या, मला रोज तोंड दिसलं पाहिजे.

बेट सोडायचं नाव काढलं की अबेलार्दोचा चेहरा आंबट सफरचंद खाल्ल्यासारखा होतो. त्याने नेट घेतलं.

कंपनीचा माणूस आला, अंगणात उभा राहून कसल्या तरी यंत्रातून खाडीपलीकडे बघत बसला आणि म्हणाला, "आजोबा, इथून टॉवर दिसत नाही. घर खोलगटात आहे. वर त्या उतारावर असतं तर लगेच झालं असतं."

"मग वर नेऊ," अबेलार्दो म्हणाला.

"काय?"

"घर."

तो माणूस हसला. आम्ही कोणी हसलो नाही. आमच्याकडे घरं हलवतात. खाली ओंडके सारायचे, बैल जुंपायचे, सगळ्यांनी जोर लावायचा आणि चूल, खिडक्या, पडद्यांसकट घर नवीन जागी न्यायचं. मालकाने फक्त जेवण घालायचं. आम्ही त्याला मिंगा म्हणतो. माझं स्वतःचं घर लहानपणी किनाऱ्यालगत होतं, आता वर आहे. पण त्याला बैल लागतात आणि माणसं लागतात. बेटावर बैलांच्या तीन जोड्या उरल्यात, आणि जोर लावणारे सगळे शहरात नाहीतर माशांच्या कारखान्यात. अबेलार्दोने एकदा घराकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि कंपनीवाल्याला विचारलं, "खांब चालेल का?"

खांब चालला. माझ्या बटाट्याच्या शेताच्या टोकाला उंचवटा आहे, तिथे सायप्रसच्या झाडाचं खोड उभं केलं. आलेले सगळे म्हातारे. एक जण कमरेला पट्टा बांधून, एकाला धाप लागलेली. तरी खोड उभं राहिलं, वर छत्री बसली, कुंपणाकुंपणाने तार खाली घरात गेली. मग सफरचंदाची दारू पिऊन सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं की आपण अजून तरणे आहोत.

पहिला हिवाळा छान गेला, खोटं कशाला बोलू. अबेलार्दो साखरेच्या डब्याला टॅब टेकवून ठेवायचा आणि निल्डासमोर बसून जेवायचा. ती ओरडायची, "बाबा, तो स्वेटर आधी धुवायला टाका." तो खूश. बायको गेल्यापासून त्याच्यावर कोणी ओरडलं नव्हतं. मीही संध्याकाळी जाऊन बसायचे. माझ्याकडे नेट नाही. माझा एकच मुलगा होता, तो समुद्रावर गेला तो गेलाच. मला तारेचं काय काम?

मग फेब्रुवारी आला आणि निल्डा आली नाही. "रोज तर भेटतो ना बाबा," ती म्हणाली. बरं, एखादं वर्ष होतं तसं. पुढच्या फेब्रुवारीला अबेलार्दोने स्वतः विचारलं, कधी निघतेस? तेव्हा ती हसून म्हणाली, "अहो, मी इथेच आहे की! बघा!"

हे त्याने मला कुंपणापाशी सांगितलं. कुंपणाचा एक खुंट त्याने हलवून बघितला. मग म्हणाला, "ती म्हणते इथेच आहे. इथे म्हणजे कुठे, कोमाद्रे?"

मी वाकून बटाट्याच्या वाफ्यातलं तण उपटायला लागले.

त्यानंतर एका सोमवारी मी अंडी द्यायला गेले तर टॅब काळा. "नेट गेलं," तो म्हणाला. "वाऱ्याने असेल." वारा तर नव्हताच. आणि चुलीमागे राउटरचा प्लग सॉकेटमधून काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला मला दिसला. अगदी छान वळण घालून, मासेमार दोर गुंडाळतात तसा. मी मूग गिळून गप्प बसले. त्याला काय हवंय ते मला कळलं होतं. तोंड दिसलं नाही की पोर घाबरेल, आणि घाबरली की येईल. अडाणी बेत होता, पण मला तो पटला. मनातल्या मनात मीही दिवस मोजायला लागले.

आता इथे रेडिओचं सांगायला हवं. मोठ्या बेटावरच्या रेडिओवरून दुपारी निरोप वाचतात. फोन नव्हते तेव्हापासूनची पद्धत आहे. कोण आजारी, कोणाची गाय हरवली, कोणाला दवाखान्यातून सोडलं, सगळं सगळ्यांना ऐकू येतं, त्यामुळे वेगळ्या चहाड्या कराव्या लागत नाहीत. निरोप आखूड असतो. वाचणारा लांबलेलं छाटून टाकतो. आणि काही वाक्यं अशी ठरलेली असतात की लहान पोरालाही अर्थ कळतो.

बुधवारी दुपारी मी बटाटे सोलत होते तेव्हा ते वाक्य आलं: "पुंता कोलोचे अबेलार्दो चिग्वाय यांना मुलगी निल्डाचा निरोप. गुरुवारच्या लाँचला घोडा घेऊन थांबावे."

सुरी माझ्या हातातून पडली. गुरुवारच्या लाँचला घोडा, याचा आमच्याकडे एकच अर्थ. आपलं माणूस येतंय आणि सोबत सामान आहे, म्हणजे राहायला येतंय. जन्मात मी या वाक्याचा दुसरा अर्थ ऐकला नाही. मी चपला न घालता पळत खाली गेले. अबेलार्दो रेडिओसमोर उभा होता, रेडिओवर कोणाची तरी मेंढी चालली होती आणि हा माणूस तिलाच हसत होता.

"काय हो कोंपाद्रे, नेट गेलं का अजून?" मी म्हटलं.

"गेलंय ते बरं आहे," तो म्हणाला. "तुम्ही मिलकाओ करा. तिला तुमच्या हातचे आवडतात."

त्या दुपारी त्याने कोकरू कापलं. ते तो ईस्टरला ठेवणार होता. निल्डाच्या खोलीतले बटाटे बाहेर काढले, गादी उन्हात टाकली. मी बटाटे किसून पिळून मिलकाओ थापले, आत डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे भरले. सकाळी बघते तर गडी दाढी करून, लग्नातला कोट घालून तयार. कोट खांद्याला ढगळ झाला होता, पण मी म्हटलं, "नवरदेव, चला."

किनाऱ्यावर अर्धं बेट जमलेलं. रेडिओ काय एकट्या अबेलार्दोनेच ऐकला होता? कोणी केक आणला होता, कोणी मधाची बाटली. निल्डा आता जाड झाली असेल की बारीक, यावर पैज लागली. अबेलार्दो लगाम धरून पाण्याच्या इतका जवळ उभा होता की बूट भिजले. घोडीच्या पाठीवर दोन मोठ्या टोपल्या बांधल्या होत्या, पोरीच्या सामानाला.

लाँच लागली. पिठाची पोती उतरली, गॅसच्या टाक्या उतरल्या, एक डुक्कर आरडाओरडा करत उतरलं. मग डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात पेटी आणि खांद्यावर घडीची शिडी घेतलेला एक माणूस उतरला. त्याने सगळ्यांकडे बघून विचारलं, "अबेलार्दो चिग्वाय कोण? तुमच्या मुलीने तक्रार केली होती, नेट बंद आहे म्हणून. ती म्हणाली सामान जड आहे तर घोडा येईल."

अबेलार्दो त्याच्या खांद्यावरून लाँचकडे बघत होता. लाँचवाल्याने फळी आत ओढली. तरीही तो बघत होता. लाँच मागे सरकली, वळली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "मीच. आणा ती पेटी."

स्वतःच्या हाताने त्याने पेटी टोपलीत ठेवली आणि शिडी बांधली. मला इतका संताप आला की समोरच्या त्या बिचाऱ्या हेल्मेटवाल्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. लोक पांगले. केकवालीने केक गुपचूप दुसऱ्या टोपलीत ठेवला आणि मान खाली घालून निघून गेली.

घरी त्या माणसाने खांब बघितला, छत्री बघितली, तार बघितली आणि शेवटी चुलीमागे वाकला. गुंडाळलेल्या प्लगकडे त्याची नजर गेली. मग टेबलाकडे गेली, तिथे मांडलेल्या ताटांकडे, मग कोटातल्या म्हाताऱ्याकडे. त्याने हळूच प्लग लावला आणि म्हणाला, "वायर जरा सैल होती, आजोबा." अबेलार्दोने त्याला जेवायला बसवलं. पोटभर जेवला, मिलकाओची तारीफ केली आणि दुपारची लाँच परत जाताना तिने गेला. माणूस चांगला होता. पण तो निल्डा नव्हता.

अंधार पडायच्या आत टॅब वाजला. मी चुलीपलीकडच्या बाकावर होते, तिथून मला टॅबचा पडदा दिसतो पण पडद्याला मी दिसत नाही.

"बघा बाबा, लागलं की नाही!" निल्डा म्हणाली. "इथे बसून सगळं करून घेतलं मी. तुम्हाला नुसता घोडा न्यायला लागला." मग ती जवळ सरकली. "अरे वा, कोट काय! आणि टेबलावर एवढं काय? कोकरू कापलं? कोणाचं काय आहे आज?"

"काही नाही," अबेलार्दो म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू येतेस."

"मी? मी कुठे म्हटलं..." बेटावरचीच पोर ती. घोड्याचं ते वाक्य आता तिच्या ध्यानात आलं असणार. तिचा हात तोंडावर गेला.

अबेलार्दो तेव्हा माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत होता. पेला ओठांपासून वीतभर अंतरावर, आणि तो तसाच थांबला. हात हलेना, पापणी लवेना. मला वाटलं झटका आला. मी धावणार, तेवढ्यात टेबलाखालचा त्याचा दुसरा हात हलला. बस, अशी खूण केली त्याने मला.

"बाबा? बाबा, ऐकू येतंय?" निल्डाने पडद्यावर टकटक केली. "अडकलं परत."

आतून तिच्या नवऱ्याने काहीतरी विचारलं.

"अडकलंय रे," ती म्हणाली. "बरं झालं अडकलं." आणि ती रडायलाच लागली. हुंदके देऊन, नाक पुसत, लहानपणी रडायची तशी. "कोकरू कापलंय त्यांनी. कोट घातलाय. मला नाही जमत रे जायला. गेल्या वेळी लाँच सुटली, मी मागे बघितलं तर ते उभे. बेट दिसेनासं होईपर्यंत उभेच. ते मला परत नाही बघवणार. एकदा गेले तर मला निघवणार नाही, आणि निघाले तर ते तिथे उभे राहतील. त्यापेक्षा हे बरं. इथे निदान बटण दाबलं की संपतं."

"मग सांगून टाक ना त्यांना."

"कसं सांगू?"

चूल तडतडत होती. अबेलार्दोने पेला तसाच धरून ठेवला होता, चेहरा दगडाचा. डोळ्यातून पाणी आलं तेही त्याने पुसलं नाही. पडदा बंद झाला तेव्हा त्याने पेला खाली ठेवला आणि मनगट चोळत बसला. मी उठून त्याच्याजवळ जावं असं मला फार वाटलं. पण आम्ही तशी माणसं नाही.

टॅब पुन्हा वाजला. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि उचलला.

"अडकलं होतं पोरी," तो म्हणाला. "मला काहीच ऐकू आलं नाही. काय म्हणत होतीस?"

निल्डाचे डोळे लाल होते, पण आवाज सावरला होता. "काही नाही बाबा. म्हणत होते की पुढच्या उन्हाळ्यात नक्की येते."

"नको," अबेलार्दो म्हणाला. "लांब पडतं गं. आणि इथे आता पाऊसच असतो फेब्रुवारीतही. नको येऊस. इथूनच बोलत जा. चांगली दिसतेस तू, स्वच्छ दिसतेस."

"खरंच बाबा? रागावला नाहीत ना?"

"रागावू कशाला?"

तिचा चेहरा असा सैल झाला की मला चुलीपलीकडून दिसला. माझ्या हातात बाप्तिस्म्याला धरलेली पोर, आणि त्या क्षणी मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच तिला जवळही घ्यावंसं वाटलं. स्वेटर घालून झोपा, चूल विझवायला विसरू नका, असं सांगून ती गेली.

अबेलार्दोने कोट काढून खुर्चीला अडकवला. दोन ताटं वाढली, एक माझ्यापुढे सरकवलं.

"जेवा कोमाद्रे," तो म्हणाला. "एवढं मी एकटा कधी संपवणार?"

मी जेवले. भूक नव्हती, तरी दोनदा वाढून घेतलं.