एक ओळ वर

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाईंना दवाखान्यातून घरी सोडायला जावईच आला, कारण दुसरं येणार तरी कोण होतं? एकुलती एक लेक जाऊन वर्ष उलटलं होतं. सासूबाईंनी फोन केला नव्हता. दवाखान्यातल्या नर्सनेच जुन्या कागदावरचा नंबर बघून त्याला बोलावून घेतलं होतं.

"वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं," नर्सने दोघांना मिळून सांगितलं. सासूबाईंच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डावा डोळा अजून व्हायचा होता, त्यातून सगळं धुक्यातल्यासारखं दिसायचं.

त्याने त्यांना गाडीत बसवलं. जावयाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबड करून त्याचं तोंड दुखायचं. सासूबाईंसमोर मात्र त्याची वाचा बसायची. त्याही त्याला लग्नापासून "तुम्ही" म्हणायच्या, पण पूर्वी त्या "तुम्ही"त कौतुक होतं. आता ते दार लावून घेतल्यासारखं होतं.

कारण दोघांनाही ठाऊक होतं. लेकीच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा सासूबाई लांब, आपल्या बहिणीकडे होत्या. "मी निघालेय, मी येईपर्यंत काही करू नका," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. त्या पोचल्या तेव्हा यंत्र बंद झालेलं होतं, चादर सारखी केलेली होती आणि लेकीचे हात गार पडले होते. जावयाने सही करून दिली होती. का, ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि सासूबाईंनी कधी विचारलं नाही.

मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून त्याने खडीच्या क्रशरकडून जाणारा जुना रस्ता धरला. मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या सासूबाई अधूनमधून आतला फोन चाचपत होत्या. जावयाने ते पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "आई, फोन अजून तसाच आहे? जागा शिल्लक नाही त्यात. एकदा दुकानात द्या, सगळं उतरवून ठेवतो. नाहीतर एक दिवस सुरूच होणार नाही."

"माझा फोन माझ्याजवळ राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हातात काही द्यायचं म्हणजे..." त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

त्या फोनमध्ये लेकीचे आवाज होते. लेक रोज आईला बोलून निरोप पाठवायची. लिहायचा तिला कंटाळा. लहानपणी अंगणात गोल गोल फिरत राहायची म्हणून आई तिला भिंगरी म्हणायची, आणि मोठी झाल्यावरही ती बोलताना तशीच एका विषयावरून दुसऱ्यावर गरगरत जायची. "आई, या निळ्या कापडाला अस्तर लावायचं का गं?" "आई, कुकरची शिट्टीच होत नाही, आणि हो, शेजारीण पळून गेली." सासूबाईंनी त्यातला एकही निरोप पुसला नव्हता. जन्मभर बायकांचे कपडे शिवले होते, चिंधीसुद्धा टाकायची सवय नव्हती. शेवटच्या निरोपात लेक नुसती खोकली होती आणि म्हणाली होती, "काही नाही, नंतर सांगते." तो त्या रोज ऐकायच्या.

वळणावर समोरून ट्रक आला, तो सरळ त्यांच्याच बाजूने. जावयाने स्टिअरिंग फिरवलं. मग फक्त काचांचा, पत्र्याचा आणि झुडपं मोडल्याचा आवाज, आणि शेवटी सगळं थांबलं.

ट्रक थांबला नाही.

गाडी उतारावरून खाली घसरून एका दगडावर तोंड आपटून उभी होती. सासूबाईंनी आधी डोळ्यावरची पट्टी चाचपली, मग हातपाय. खांदा दुखत होता, पण हलत होता. शेजारी जावयाच्या पायांवर पुढचा सगळा भाग चेपून बसला होता. त्याचा उजवा हात वेडावाकडा लोंबत होता आणि डावा पुढून आत घुसलेल्या पत्र्याखाली अडकला होता. चष्म्याचा पत्ता नव्हता. कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरत होतं.

"आई, तुम्हाला लागलं का?"

"मला काही नाही. पाय हलतोय का?"

"कळत नाही. ओलं लागतंय काहीतरी."

सासूबाई खाली वाकल्या. नर्सने वाकू नका म्हटलं होतं ते त्यांना आठवलंसुद्धा नाही. मांडीतून रक्त चाललं होतं. त्यांनी अंगावरची शाल ओढून काढली, मांडीभोवती वरच्या बाजूला गुंडाळली आणि गुडघा टेकवून अशी आवळली, की जावई ओरडला. "ओरडा," त्या म्हणाल्या आणि दुसरी गाठ मारली.

मग त्या बाहेर पडून चढावर गेल्या. खडी पायाखालून सरकत होती. दोन पावलं वर गेलं की तीन खाली. वर एक गाडी गेली, त्यांनी हाका मारल्या, गाडी निघून गेली. रस्त्यावरून खालचं काही दिसणारच नव्हतं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे तळहात सोलवटले होते.

"माझा फोन काचेतून बाहेर उडाला," जावई म्हणाला. "तुमचा बघा."

पर्समधून काढलेला फोन स्वतःच चालू-बंद होत होता. कंपनीची खूण उमटायची, थांबायची, काळोख व्हायचा, पुन्हा खूण उमटायची. सासूबाईंनी तो त्याच्या तोंडासमोर धरला.

"दिसतंय का?"

"नुसता उजेड दिसतोय. चष्म्याशिवाय मी आंधळाच." तो कसंनुसं हसला. "दोघांत मिळून अर्धा डोळा आहे आपल्याकडे. तुम्हाला काय दिसतं?"

"येतंय आणि जातंय."

"अडकलाय. असा फोन लागणार नाही कुठेच. घाबरू नका, रोज असे चार येतात दुकानात. बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धरा. खूण आली की बाजूचं सोडा, आवाजाचं नको."

पहिल्यांदा त्यांनी दोन्ही सोडली. दुसऱ्यांदा बोट घसरलं, रक्ताने ओलं होतं. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी आल्या आणि सर्वांत वर एक निळी पट्टी.

"आल्या. ओळी आल्या. वाचता येत नाहीत."

"वाचायचं नाही. बोट लावून चालत नाही इथे, बटणंच चालतात. आवाज कमी करायचं बटण दाबलं की पट्टी एक ओळ खाली जाते. सावकाश दाबा आणि मोजा. सहाव्या ओळीवर थांबायचं. पाचवीवर बाजूचं बटण दाबायचं नाही. चुकूनसुद्धा नाही."

"का, पाचवीत काय आहे?"

"आधी सहावी," जावई म्हणाला.

सुईत दोरा ओवताना रोखायच्या तसा श्वास रोखून सासूबाईंनी मोजलं. बाजूचं बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी आलं आणि गेलं. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी पहिल्या ओळीवरून फोन पुन्हा सुरू केला. खूण उमटली. दोघांनी वाट पाहिली. काळोख. पुन्हा खूण.

"नाही झालं," त्या म्हणाल्या.

जावयाने डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "कॅशे, म्हणजे वरवरचा कचरा, साफ करून भागलं नाही. जागाच नाही त्याला उठायला. पुन्हा त्या ओळींवर जा."

त्या गेल्या. आता हात सरावले होते.

"आता पाचवी?" त्यांनी विचारलं.

त्याने मान दुसरीकडे वळवली.

"अहो, पाचवीच ना?"

"आई, पाचवीने फोन सुरू होईल. बहुतेक होईलच. पण कोरा होईल. दुकानातून नवा आणल्यासारखा. आत आहे ते सगळं जाईल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. तिचं पण."

वाऱ्याने झुडपं हलली. सासूबाई फोन छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"नंतर परत काढता येईल ना? तुमचाच धंदा आहे."

"नाही येत. या ओळीनंतर नाही."

"मग मला सांगितलं कशाला?" त्यांचा आवाज चढला. "मला काही दिसत नाही, तुम्ही सांगाल ते मी दाबत होते! दाबायला लावायचं, मोकळं व्हायचं! त्या वेळी विचारलं होतं का मला? मी गाडीत बसले होते, देवाचा धावा करत होते, आणि तुम्ही..."

"नव्हतं विचारलं." तो धापा टाकत होता. "तुम्ही नाही म्हणाल म्हणून. तिला झटके येत होते, आई. मशीनवर असूनसुद्धा. डॉक्टर म्हणाले, तिला कळत नाही. पण तोंड बघवत नव्हतं. तुम्ही आला असता तर सांगितलं असतं, अजून एक दिवस बघू. मग अजून एक. माझ्यात दम नव्हता. बस."

सासूबाई गाडीपासून दूर गेल्या आणि एका दगडावर बसल्या. त्यांना त्याचा राग आला होता, आणि राग येतोय याचीच लाज वाटत होती. त्यांनी मनातल्या मनात लेकीचे निरोप आठवायला सुरुवात केली. निळं कापड. कुकर. शेजारीण. शब्द सगळे आठवत होते. आवाज आणायला गेलं की तो पुढे पुढे पळत होता, फोन कानाला लावल्याशिवाय हाती लागतच नव्हता. त्यांना वाटलं, अजून थोडा वेळ बघू. कुणीतरी येईल. क्रशरवरचं कुणीतरी. वरून कुणीतरी डोकावेल.

मग लक्षात आलं, की गाडीतून काही आवाज येत नाही.

"ऐकताय का?" त्यांनी हाक मारली. "अहो!"

त्या धडपडत गेल्या. जावयाची मान एका बाजूला कलली होती. त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली, मग दुसरी, जोरात.

"झोपायचं नाही! ए, झोपू नकोस रे! बोल माझ्याशी. पाचवीवर गेले, पुढे काय?"

त्याच्या पापण्या हलल्या. "बाजूचं दाब... दाबा. मग परत विचारतो तो, नक्की का म्हणून. एक खाली जायचं. होय."

त्यांनी दाबलं. फोनने विचारलं. त्या वाचू शकत नव्हत्या, पण विचारलं होतं हे कळलं. एक खाली. बटणावर अंगठा ठेवून त्या थांबल्या आणि लेकीला हाक मारल्यासारखं बोलून गेल्या, "भिंगरे..." आणि अंगठा दाबला.

मग मघासारखाच फोन पुन्हा सुरू केला, आणि या वेळी खूण उमटली ती गेली नाही. बराच वेळ तशीच राहिली. सासूबाई जावयाशी बोलत राहिल्या, काहीही, नर्सचं, शिंकेचं, त्याच्या दुकानाच्या भाड्याचं. मग पडदा पांढरा झाला आणि फोनने मोठ्या अक्षरांत त्यांचं स्वागत केलं. इतकी मोठी अक्षरं त्यांना वाचता आली.

"खाली कोपऱ्यात लाल काहीतरी आहे."

"तेच. मदतीचा नंबर त्यावरून लागतो."

पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. सासूबाईंनी सगळं सांगितलं. क्रशर, जुना रस्ता, ट्रक, रक्त. "पेशंट तुमचे कोण?" बाईने विचारलं. "जावई," त्या म्हणाल्या. "माझा जावई आहे. लवकर या हो."

लोक आले, पत्रा कापला, त्याला बाहेर काढलं. तो जगला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. मोडलेल्या हाताची दोन बोटं वाकेनात, बारीक स्क्रू धरता येईनात, म्हणून दुकान विकलं. सासूबाईंच्या पट्टीखालच्या डोळ्यात पू झाला आणि त्या डोळ्याने पुढे कधीच नीट दिसलं नाही; डावा तेवढा नंतर ऑपरेशन होऊन सुधारला. ट्रक सापडला नाही.

त्याला एकट्याला राहता येत नव्हतं आणि त्यांनाही, म्हणून सासूबाई त्याच्या घरी आल्या. प्रेम उतू जात होतं असं नाही. भाजीत मीठ जास्त झालं की तो ताट सरकवायचा. तो रात्री टीव्ही मोठ्याने लावायचा आणि त्या दार आपटायच्या. कधी "तुम्ही" व्हायचं, कधी "तू".

एके दुपारी त्या त्याची पँट खिडकीशी घेऊन बसल्या होत्या, उजेडाला धरून, एका डोळ्याने. उसवता उसवता म्हणाल्या, "तिचा आवाज बारीक होता. माझ्या आईसारखा."

"बारीक?" जावई पलंगावरून म्हणाला. "छे. जाडसर होता. फोनवर तर मुलगाच वाटायची."

"काहीतरीच काय! दमली की घोगरा व्हायचा, एरवी बारीकच. शेवटचा निरोप मी रोज ऐकत होते. 'काही नाही, नंतर सांगते.'"

त्यांनी तो लेकीसारखा म्हणून दाखवला. खोलीत त्यांचाच म्हातारा आवाज उमटला.

"असं नव्हती म्हणत ती," जावई म्हणाला.

"मग कसं? म्हणून दाखव."

त्याने तोंड उघडलं. मग त्याने ते मिटलं आणि भिंतीकडे बघत बसला. सासूबाईंनी टेप काढली आणि त्या पलंगाशी आल्या.

"सरळ बस. पँटचा हा पाय शिवून बंद करू, का दुमडून ठेवू?"

त्याने ते मोकळं कापड चाचपून पाहिलं.

"दुमडून ठेवा," तो म्हणाला. "खोटा पाय बसवला, तर लागेल."

त्यांनी माप घेतलं आणि कापड आतल्या बाजूला दुमडायला घेतलं.