तळ नसलेली विहीर

"विहीर बुजवायचा कागद आज गेलाच पाहिजे," असं बजावून साहेब बाहेर गेले आणि कारकूनबाईंनी नाकाला रुमाल लावला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची खिडकी विहिरीकडेच उघडत होती.

गावाला त्या विहिरीचा अभिमान मात्र भारी. राक्षसाने ती एका रात्रीत खोदली, तिला तळच नाही, हे ऐकवल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. तळच नाही म्हटल्यावर काय, फुटक्या बाटल्यांपासून जुन्या गाद्यांपर्यंत सगळं तिच्या पोटात जाई. कारकूनबाईही रोज कामावर येताना घरची पिशवी तिथेच भिरकावत. राक्षसाची विहीर ती, भरतेय कसली! पण ती भरली.

तेवढ्यात कारकूनबाईंचा विसरलेला डबा घेऊन त्यांचे वडील आले. त्यांचा उभा जन्म दगड घडवण्यात गेला होता.

"आबा, उद्या विहीर बुजवणार. सुटलो एकदाचे."

"कागद गेला?"

"आता पाठवतेय."

"तासाभराने पाठव. चल माझ्याबरोबर."

अकरा पायऱ्या उतरल्यावर कचरा लागला. आबांनी भिंतीवरचं शेवाळ तळहाताने पुसलं. दगडात दोन रेघा आणि खाली एक ठिपका कोरलेला होता. कारकूनबाई बघतच राहिल्या. घरी स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवून ठेवलेल्या जुन्या हातोड्यावर हीच खूण होती. त्याला ठेचकाळून त्यांनी कितीदा त्रागा केला होता.

"ही आपल्या घराची. शेजारची चांदणी त्या किराणावाल्याच्या घराण्याची. तेही तेव्हा दगडच घडवायचे. राक्षस दगडावर खूण ठेवत नाही, पोरी. माणूस ठेवतो. काम कच्चं निघालं तर मला येऊन विचारा, असं सांगायला."

"मग एका रात्रीत खोदली म्हणतात ते?"

"बारा वर्षं लागली. राक्षसाची म्हटली की आपण मोकळे. आपल्या माणसांची म्हटली की सांभाळावी लागते. मीही आजवर गप्प बसलो, ही माझी चूक."

कागद गेला नाही. संध्याकाळच्या ग्रामसभेत कारकूनबाईंनी टेबलावर हातोडा ठेवला आणि विहिरीतल्या खुणांची हकीकत सांगितली. "कचरा टाकणाऱ्यांत पहिलं नाव माझं," त्या म्हणाल्या. साहेब आधी भडकले. किराणावाला मात्र उठून आपली चांदणी बघायला गेला आणि परतला तो बाह्या सरसावूनच.

एकोणीस दिवस अख्खं गाव कचरा उपसत होतं. विसाव्या दिवशी फावडं दगडावर खणकन वाजलं. विहिरीला तळ होता! सपाट, घडीव, आणि सगळ्या घरांच्या खुणा एका ओळीत कोरलेला. दुसऱ्या सकाळी त्या खुणांवर गुडघाभर नितळ पाणी चढलं होतं.

राक्षसाची गोष्ट गाव आजही रंगवून सांगतं, सांगावीच. पण वाचकहो, पूर्वजांच्या गोष्टी सांगून अभिमान पुरा होत नाही. त्यांच्या हातचं काम सांभाळावं लागतं.

हातोडा आता विहिरीच्या काठावर काचेत आहे. कारकूनबाईंच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने दिवसभर आपटतं, आणि घरात कुणाचीही तक्रार नाही.