मनगटावरची समीक्षा

वडनेरचे रूपराव झाडे साठीला टेकले होते, पण खंजिरी हातात आली की ते वय विसरत. गावच्या भजन मंडळात नत्थूजी पेटीवर आणि रूपराव खंजिरीवर, अशी जोडी कित्येक वर्षांपासून जमलेली. डाव्या हातात खंजिरी उंच धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी ती वाजवायची आणि ठेका चढत गेला की डावा हातच असा झटकायचा, की समोरच्याला वाटावं आता मनगट निखळून पडतं.

मागच्या उन्हाळ्यात शेतात त्यांना भोवळ आली. फोन शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेल्या थैलीत होता. रूपराव तसेच तुरीच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगाजवळ पडून राहिले. शेजारचा कुंदन आत्राम आपली प्रवासी गाडी घेऊन तिथून चालला होता, त्याला ते दिसले म्हणून बरं. दवाखान्यात बीपी निघालं, गोळी सुरू झाली आणि प्रकरण तेवढ्यावर मिटलं. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या समीक्षाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, ही गोष्ट आठ दिवसांनी कळली. फोनवर ती आधी रडली, मग आईबापाला भरपूर बोलली आणि दिवाळीला येताना एक स्मार्टवॉच घेऊन आली.

"बाबा, तुमी पडले की हे मले फोन करते," ती पट्टा बांधता बांधता म्हणाली. "याच्या आतमंदीच सिम आहे. मोबाईल जवळ नसला तरी चालते."

"अन् मी पडलोच नाई तं?"

"तं टाइम सांगते."

रूपरावांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी बाही जरा वरच दुमडली. नाडीचे ठोके दाखवणारं घड्याळ गावात पहिल्यांदाच आलेलं, त्यामुळे ज्याला त्याला आपली नाडी बघायची होती. सगळ्यांचं बघून झाल्यावर नत्थूजींनी शांतपणे भाजीच्या गाड्यावरचं एक बारकं कोहळं उचललं, त्यावर पट्टा ताणून बसवला आणि थांबले. थोड्या वेळानं आकडा उमटला.

"रूपराव, कोहळं जित्तं हाये बावा!" नत्थूजी ओरडले. "कापू नका कोणी!"

टपरी हसून लोळली. रूपराव घड्याळ काढून घेत म्हणाले, "यंत्र आहे, चुकते कधी कधी," आणि घरी निघाले.

संध्याकाळी भजनाच्या वेळी मनकर्णाबाई, म्हणजे रूपरावांची बायको, घड्याळ चार्जिंगला लावत. रोजच लावावं लागे. त्यामुळे खंजिरी आणि घड्याळ यांची गाठ कधी पडली नव्हती. ती पडली अल्लीपूरच्या खंजिरी भजन स्पर्धेत.

दुपारची वेळ होती. मंडप भरलेला. कुंदनच्याच गाडीतून वडनेरचं मंडळ आलं होतं. मंडळाचा पांढरा सदरा, डोक्यावर भगवी टोपी आणि मनगटावर काळं चकचकीत घड्याळ, असे रूपराव मंचावर बसले. कुंदन गाडीपाशी उभा राहून आलुबोंडा खात होता.

भजन सुरू झालं. दुसऱ्या कडव्यानंतर ठेका दुप्पट झाला, रूपरावांचा हात वर गेला आणि जोरात खाली आला. घड्याळाला वाटलं, माणूस कोसळला. त्यानं थरथरून विचारलं, पडलात का? खंजिरीच्या त्या दणक्यात थरथर कोणाला कळणार? उत्तर आलं नाही, तसा त्यानं पुण्याला फोन लावला.

समीक्षानं फोन उचलला तर कानावर आदळला तो नुसता कल्लोळ. "बाबा! बाबा!" ती ओरडली. तिकडून नत्थूजींचा आवाज आला, "उचला! उचला!"

भजनात ध्रुपद उचलायचं असतं. नत्थूजी मागच्या साथीदारांना तेवढंच सांगत होते. पण समीक्षाच्या डोळ्यांसमोर चार माणसं तिच्या बापाला उचलताहेत असंच चित्र आलं. तिनं तो फोन चालूच ठेवला आणि ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून कुंदनला गाठलं.

"कुंदनदादा, बाबा पडले! लवकर जाय!"

कुंदननं हातातला आलुबोंडा टाकला. शेतात पडलेले रूपराव त्यानंच पाहिले होते, त्यामुळे विचार करायला तो थांबला नाही. चपला मंडपाच्या दारात उडवून, बायकांच्या मधून वाट काढत तो थेट मंचावर चढला. रूपराव डोळे मिटून तल्लीन झाले होते. घामानं निथळत होते, मान डोलत होती. कुंदनला जे वाटायचं ते वाटलं. त्यानं मागून काखेत हात घालून त्यांना धरलं आणि सतरंजीवर आडवं केलं.

"अबे! काऊन पाडून राह्यला मले?"

"काकाजी, हलू नका! तुमी पडले आहा!"

"मी कुठी पडलो? तूच तं पाडलं!"

पेटी थांबली. टाळ थांबले. मंडपात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत माईकजवळच्या मनगटातून समीक्षाचा आवाज साऱ्या अल्लीपूरला ऐकू गेला.

"बाबा! बोला न काहीतरी! बीपीची गोळी घेतली होती का नाई?"

रूपरावांनी आडव्यानंच मनगट तोंडाशी नेलं.

"घेतली व माय. भजन म्हणून राह्यलो मी. स्पर्धा आहे."

"मग उचला उचला कोण म्हणत होतं?"

"ध्रुपद उचला म्हणत होतो, बाई," नत्थूजी माईकमध्ये वाकून म्हणाले.

मग जो हशा उसळला, तो आवरेचना. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीले सांगा, गोळीचं आमी पाहून घेतो." परीक्षकांनाही बोलताना हसू फुटत होतं. त्यांनी मंडळाला पुन्हा सुरुवातीपासून गायला परवानगी दिली. रूपरावांनी घड्याळ काढून कुंदनच्या हाती दिलं आणि अशी खंजिरी वाजवली, की तिसरं बक्षीस वडनेरला आलं. परतीच्या वाटेवर नत्थूजींचं म्हणणं, कुंदननं पाडलं नसतं तर पहिलं आलं असतं. कुंदनचं म्हणणं, पाडलं म्हणूनच तिसरं तरी आलं.

रूपरावांचं मन मात्र घड्याळावरून उडालं. त्यांनी ते देवघराच्या खुंटीला टांगलं. "पोरीच्या समोर गावभर हसू झालं," एवढंच म्हणाले. समीक्षानंही फोनवर जास्त ताणलं नाही. तिलाही थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं.

दोन दिवसांनी मनकर्णाबाईंनी ते खुंटीवरून काढलं आणि स्वतःच्या हातात, बांगड्यांच्या वर, बांधलं.

त्यांचं आणि घड्याळाचं लवकर जमलं. कणीक मळताना समीक्षाचा फोन आला तर हात धुवायची गरज नाही, कोपरानं दाबलं की बोलणं सुरू. त्यांचा मोबाईल नेहमी हरवायचा. घड्याळावर बोट ठेवलं की तो कापसाच्या ढिगात, धान्याच्या कोठीमागे, जिथं असेल तिथून ओरडायचा. एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. सकाळपासून उभ्यानं राबून त्या जरा कुठं बसल्या, की घड्याळ थरथरायचं आणि हिंदीत सांगायचं, उठा, थोडं चाला.

"दिवसभर कुठी होता रे तू?" त्या मनगटाला विचारत.

सकाळी ते झोपेचे गुण द्यायचं. एकदा ताज्यातवान्या उठलेल्या मनकर्णाबाईंना त्यानं झोप वाईट झाल्याचं दाखवलं, तर त्यांना दिवसभर थकल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते बघणंच सोडलं.

फाल्गुनातली गोष्ट. दिवस मावळतीला आला होता. रूपराव देवळात भजनाच्या तालमीला गेले होते. मनकर्णाबाई गोठ्यात गाईला पेंडीची ढेप द्यायला गेल्या आणि ओल्या शेणावरून पाय सरकला. त्यांनी खांब धरला, त्यामुळे त्या आपटल्या नाहीत, खांबाला घासत हळूहळू खाली बसल्या. पण पाय अंगाखाली मुडपला आणि अशी कळ आली, की डोळ्यांपुढं अंधारी आली.

उठता येईना. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आता हे फोन लावेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. घड्याळ गप्प. पडणारा माणूस धाडकन पडतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"अरे, पडली न मी!" मनकर्णाबाई त्याला म्हणाल्या. "भजनात बोंबलला, अन् आता मुकाट!"

गाय वळून त्यांच्याकडे बघू लागली. मग समीक्षानं दिवाळीत दाखवलेली घड्याळाच्या बाजूची कळ त्यांना आठवली. ती दाबून धरल्यावर पुण्याला फोन लागला.

"समीक्षा, तुह्या घड्याळाले समजलं नाई, म्हणून मीच सांगून राह्यली. मी गोठ्यात पडली. घाबरू नको. पण माह्यानं उठवत नाई."

समीक्षानं बाबांना फोन लावला. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाजत राहिला, खंजिरीपुढं ऐकू कोणाला येणार? मग तिनं कुंदनला लावला.

"नक्की पडल्या न?" कुंदननं विचारलं. "कारण मागच्या वेळी..."

"दादा, आई स्वतः बोलली!"

कुंदन आणि त्याची बायको गुंजन धावत आले. गुंजननं पाणी पाजलं, पायाला फळी लावून ओढणीनं बांधलं. कुंदननं देवळात जाऊन या वेळी रूपरावांच्या खांद्याला नुसता हात लावला. त्याचा चेहरा बघून रूपरावांनी खंजिरी खाली ठेवली.

हिंगणघाटच्या दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. घोट्याजवळच्या हाडाला बारीक चीर गेली होती. प्लास्टर लागलं. बाकी सगळं ठीक. बाहेरच्या बाकावर रूपराव मनकर्णाबाईंच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तू तिथं पडली होती, अन् मी खंजिरी वाजवत होतो."

"तं काय मी पडन म्हणून भजन बंद ठेवता काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "फोन मात्र वरच्या खिशात नका ठेवत जाऊ. दिसन असा समोर ठेवा."

समीक्षा तिसऱ्या दिवशी पोचली. तिनं नवं, जास्त हुशार घड्याळ मागवायचं ठरवलं होतं.

"नको," मनकर्णाबाई खाटेवरून म्हणाल्या. "पडल्या-बिडल्याचं याले समजत नाई, नसू दे. हाक मारली तं तू ऐकते न, तेवढं पुरे."

समीक्षानं आपोआप फोन लावायची ती सोय बंद करून टाकली. मग बाबांनाही समोर बसवून बाजूची कळ कशी दाबायची ते शिकवलं. रूपरावांना अंगठा किती जोरानं दाबायचा ते जमेना, त्यामुळे ती शेजारच्या खोलीत गेल्यावरही तिचा फोन सारखा वाजत राहिला, आणि ती दर वेळी उचलून "बोला बाबा" म्हणत राहिली.

त्या दिवशी स्वयंपाक रूपरावांनी केला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण जेवण रांधलं होतं. वरण, भात, वांग्याची भाजी. कुंदन आणि गुंजनलाही बोलावलं. सगळे अंगणात जेवायला बसले. मनकर्णाबाईंनी पहिला घास घेतला, समीक्षानं घेतला, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जेवत राहिल्या.

कुंदननं वरण भुरकलं आणि थांबला.

"काकाजी, मीठ टाकलं नाई काय?"

गुंजननं त्याला कोपरानं ढोसलं. रूपराव उठले, आतून मिठाची बरणी घेऊन आले आणि प्रत्येकाच्या ताटात स्वतःच्या हातानं मीठ वाढत गेले.