चाळीसाव्याचा चुना

लढाई अजून चालूच होती, तरी पडझड मोजून भरपाई ठरवायला सरकारी कमिटी गावोगाव फिरत होती. हव्रीलोच्या गावात खार्किवहून झोर्याना नावाची इंजिनिअर पोरगी आली आणि तिच्यासोबत गावाचा माणूस म्हणून हव्रीलो. जन्मभर चुली आणि भिंती बांधलेला गडी, आवाज फाटका, कंबर मोडकी.

ओदार्काच्या घरी यायला तो सकाळपासून टाळाटाळ करत होता. तिच्या पोराला, तिमीशला, बाप्तिस्म्याला यानंच हातावर धरलेलं. त्या दिवसापासून ती याची कुमा आणि हा तिचा कूम, सख्ख्याहून जवळचं नातं. वसंतात तोफेचा गोळा तिच्या मागच्या बागेत पडला आणि भिंत वळचणीपासून पायापर्यंत उकलली. पुढं महिन्याभरात तिमीश आघाडीवरून शवपेटीतून घरी आला.

माणूस गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी सगळा गाव घरी जेवायला येतो. फाटक्या भिंतीखाली पानं कशी मांडायची? शेजारणी जमल्या, भेगेत चिखल-भुसा ठासला, वरून चुना फासला गेला. चुना हव्रीलोनंच आणून दिला होता. तेव्हा कुणाच्या डोक्यात कमिटी होती?

आता झोर्यानानं घरात शिरून भिंतीवरून हात फिरवला.

"हव्रीलो काका, ही तर गावातली सगळ्यात धड भिंत."

"तोंडाला पावडर लावलीय पोरी. आत सगळं तुटलंय."

तिचा विश्वास बसला. पण फोटोत भेग दिसली नाही, तर फक्त खिडक्यांच्या काचा मिळणार होत्या. घर राहण्याजोगं नाही असं ठरलं तरच नवं घर. म्हणजे चुना फोडायला हवा.

ओदार्का भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तुझ्या चुलीचा धूर तुझ्याच घरात कोंडतो, कूम. आणि तू माझी भिंत तपासतोस होय?"

हव्रीलोनं ते गिळलं. तुळई सरकलीय, पहिला जड बर्फ पडला की छप्पर अंगावर येईल, असं त्यानं समजावून पाहिलं. ती म्हणाली, येऊ दे. तिमीशसाठी तिच्या हातून झालेलं शेवटचं काम होतं ते. ब्रश तिनं स्वतः मारला होता, शेजारणींना चुन्याला हात लावू दिला नव्हता.

हव्रीलो बाकावर बसला. बराच वेळ हातोड्याचा दांडा चोळत राहिला. झोर्याना बाहेर फाटकापाशी जाऊन उगाच रस्ता बघत होती.

"कुमा," तो शेवटी म्हणाला, "पोराला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचललं. पेटीलाही खांदा दिला. आता तुझ्या पेटीला द्यायला लावू नकोस मला. माझी कंबर राहिली नाही."

ओदार्कानं त्याच्याकडं पाहिलं. मग ती बाजूला झाली.

"तूच मार. दुसऱ्या कुणाचा हात नको."

त्यानं मारला. पहिला घाव भित्राच पडला. दुसऱ्याला चुन्याचा पापुद्रा सुटला आणि भुशासकट चिखल घरात ढासळला. भेगेतून मागचं सफरचंदाचं झाड दिसायला लागलं, अर्धं जळलेलं. झोर्यानानं फोटो काढले. मधेच बाहीनं नाक पुसलं. घर दुरुस्त होण्याजोगं नाही, असं तिनं लिहिलं आणि ओदार्काला वाचून दाखवलं. ओदार्का हो म्हणाली.

मग ती आतल्या खोलीत गेली आणि केरसुणी घेऊन आली.

"राहू दे आजी," झोर्याना म्हणाली. "मशीन येऊन सगळंच पाडणार आहे."

"येईल तेव्हा येईल. आज घरात माणसं आलीत."

ती वाकून पांढरे तुकडे गोळा करत बाकापाशी आली. हव्रीलोनं पाय वर घेतले.