चिलट आणि फुलपाखरू

मास्तरांना दोन मुली. थोरली परदेशी, धाकटी उशापायथ्याशी. साखरेच्या दुखण्यानं मास्तरांची नजर नेली, मग चालणं नेलं, आणि आता पडून पडून पाठीला जखम झाली होती. किती पुसलं, झाकलं, तरी चिलटं तिथं घिरट्या घालायचीच. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले मास्तर म्हणायचे, "थोरली माझं फुलपाखरू. हजारो मैल उडून जाणारं. आणि तू चिलट. हाकललं तरी नाकासमोरच!"

धाकटी हसण्यावारी न्यायची. पण रजा घेऊन घेऊन लॉन्ड्रीतली इस्त्रीची नोकरी गेली, तेव्हापासून तिला हसू येईना.

रविवारी थोरली येणार म्हणून मास्तरांनी दाढी करून घेतली. दुपारी तिचा फोन आला. "नाही गं जमत. बाबांना तूच सांग काहीतरी."

धाकटीनं सांगितलं. मास्तरांनी तोंड मिटून घेतलं. "ती आल्याशिवाय घास नाही."

दोन दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हाती लागायचे नाहीत." धाकटीचा धीर सुटला. तिनं शेजारणीकडचं अत्तर लावलं, बाहेरचं दार जोरात वाजवलं आणि थोरलीसारखे शब्द लांबवत म्हणाली, "बाबा, आले हो मी!"

मास्तरांचा चेहरा उजळला. पाच चमचे सूप पोटात गेलं. धाकटीचा जीव भांड्यात पडला. सहाव्या चमच्याला त्यांनी तिचं मनगट धरलं.

"धाकटीला ऐकू जाऊ देऊ नकोस. जाताना तिला घेऊन जा. माझ्यापायी पोर झिजतेय. वैतागून तरी जाईल म्हणून मी तिला टाकून बोलतो. जातच नाही गं!"

धाकटीला थोरलीचा आवाज काही केल्या काढता येईना.

"मी कुठं जाणार, बाबा?" ती आपल्याच आवाजात बोलून गेली.

मनगटावरची पकड सुटली. मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिनं स्वयंपाकघरातून थोरलीला फोन लावला. "ये गं बाई. माझ्यानं आता होत नाही." पलीकडे ती कुणाशी तरी बोलत होती. "नंतर करते हं," म्हणाली.

धाकटीनं सूप पुन्हा गरम केलं आणि खाटेशी येऊन बसली. "बाबा, मीच आहे. दुसरं कुणी येणार नाही."

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड हळूहळू तिच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "फार गरम नाही ना?"

तिनं फुंकर घातली. दोन चमचे त्यांनी घेतले. तिसरा ओठांवरूनच ओघळला. तिनं नाकासमोर बोट धरलं; श्वास नव्हता.