कुमाला पगार कोण विचारणार?

सप्टेंबरातला शनिवार. व्लासिना नदीकाठच्या त्या गावात घरोघरी अंगणात लाल मिरच्या भाजल्या जात होत्या, आणि रादुंकाबाईंच्या अंगणात त्यांची सून यागोदा, नुकतीच गरोदर, मिरच्यांबरोबर नवऱ्यालाही भाजून काढत होती.

“किती दिले?”

“चारशे दहा युरो,” स्लाविशा म्हणाला.

“हजार सांगितले होते ना?”

“हजार जुन्या ड्रायव्हरला. नव्याला पहिलं वर्ष सहाशे, हात बसेपर्यंत. त्यातून टायर फुटला त्याचे गेले, इटलीतल्या दंडाचे गेले, डिझेल जास्त जाळलं म्हणून गेले.”

“वा! टायर त्यांचा, रस्ता इटलीचा आणि खिसा तेवढा तुझा!”

स्लाविशा हसला. हसायची सवय झाली की कमी पगार पटकन टोचत नाही, आणि त्याला ती सवय मालकानेच लावली होती.

रादुंकाबाई मिरचीचं साल ओढत म्हणाल्या, “सूनबाई, तोंड आवर. तिहोमिर नुसता मालक नाही, आपला कूम आहे. कुमाला कुणी हिशेब विचारतं का?”

सगळी मेख इथेच होती. कूम म्हणजे लग्नात वराशेजारी उभा राहणारा आणि पुढे त्याच्या मुलाला चर्चमध्ये हातावर घेऊन नाव ठेवणारा माणूस. त्याचा मान रक्ताच्या नात्याहून मोठा. त्याला नाही म्हणायचं नसतं, त्याच्याशी भांडायचं नसतं. सात ट्रकांचा मालक तिहोमिर प्रत्येक नव्या ड्रायव्हरच्या लग्नात मोठ्या हौसेने कूम व्हायचा आणि आहेरात फ्रिज द्यायचा. फ्रिजचे पैसे दोन महिन्यांत वसूल. मानाचं व्याज मात्र त्याला जन्मभर मिळत राहायचं.

नोव्हेंबरात स्लाविशाच्या निळ्या ट्रकचा हीटर बंद पडला. त्याने मालकाला भीत भीत सांगितलं. तिहोमिरने पाठीवर थाप मारली. “अरे, पहिल्या वर्षी मी गोणपाट पांघरून झोपायचो! थंडी सरली की बघू.”

पैसे वाचवायला स्लाविशा केबिनमध्येच छोट्या गॅसच्या शेगडीवर घेवडा शिजवायचा. बाहेर खाल्लं तर घरी काय नेणार? जानेवारीत हंगेरीच्या सीमेवर ट्रकांची रांग अडकली आणि थंडी हाडांत शिरली, तेव्हा त्याने तीच शेगडी उबेसाठी पेटती ठेवली आणि काचा बंद केल्या. सकाळी रांग पुढे सरकली. त्याचा ट्रक सरकला नाही. मागच्याने बराच वेळ हॉर्न वाजवला.

शवपेटी, फुलं, जेवण, सगळं तिहोमिरने केलं. तो खरंच रडला; हेही त्याच्या बाजूला जमा धरायला हवं. पण सरकारी कागदावर स्लाविशा अर्ध्या दिवसाचा नोकर निघाला, म्हणून पोटातल्या बाळाच्या वाट्याचं पेन्शनही नावापुरतंच. यागोदाने सासूकरवी निरोप धाडला: खरा ठरलेला पगार किती आणि हीटर बंद होता, एवढं लिहून द्या.

उत्तर आलं, “आधी नामकरण होऊ दे. मग घरच्यासारखं बसून बोलू.”

म्हणजे बाळ एकदा त्याच्या हातावर गेलं की बोलणं संपलं. हे गावात लहान पोरालाही कळत होतं.

मुलगा झाला. चाळीस दिवसांनी सगळे चर्चमध्ये जमले. पाद्रीबाबांनी विचारलं, “कूम कोण?”

तिहोमिरने पुढे येऊन हात पसरले. “बापाचंच नाव ठेवू, पोरी.”

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. यागोदाने बाळ छातीशी घट्ट धरलं.

“आधी सांगा कूम, तुमच्याकडे नवा ड्रायव्हर महिन्याला किती कमावतो?”

“चर्चमध्ये पैशाची गोष्ट?”

“घरी विचारलं तर म्हणता, आपल्या माणसांत पैसा कशाला. मयताच्या घरी विचारायचं नाही, नामकरणाला विचारायचं नाही. मग विचारायचं तरी कुठे?”

ती वळली. भिंतीशी त्याचे ड्रायव्हर उभे होते. प्रत्येकाच्या लग्नात तिहोमिरच कूम होता. “दादा, तुम्ही सांगा. नव्याला काय देतात? हीटर बंद होता की नाही?”

हातातल्या मेणबत्त्या त्यांनी इतक्या निरखून कधीच पाहिल्या नसतील.

“मग मी बाळ देत नाही,” यागोदा म्हणाली.

“दुसरं कुणी कूम होतंय का?” पाद्रीबाबांनी विचारलं. कुणी हललं नाही.

रादुंकाबाई ओरडल्या, “पोर तर गेलंच माझं! आता नातवाचं नावही घालवलंस!” त्या दिवसापासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. अंगणात मांडलेलं तीस माणसांचं जेवण तसंच निवून गेलं. बाळ बिननावाचंच घरी आलं.

महिन्याभराने गावात लग्न निघालं. नवऱ्या मुलाला नुकतंच ट्रकचं लायसन्स मिळालेलं. कूम तिहोमिर, आहेर फ्रिज. यागोदा बाळाला घेऊन नवरीच्या घरी गेली. नवरीची आई दारात आडवी आली.

“काळ्या कपड्यांत लग्नघरी येतात का गं?”

“थांबायला नाही आले, मावशी. सांगायला आलेय.”

आणि तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं: हजाराचे सहाशे कसे होतात, सहाशेतून काय काय जातं, आणि नव्या ड्रायव्हरने मान खाली घातली की त्याच्या बायकोच्या हाती शेवटी काय येतं.

आत नवरी, स्ताना, लग्नाचा पाव मळत होती. तिचे हात थांबले.

“त्याला तोच निळा ट्रक दिलाय,” ती म्हणाली. “धुऊन दिलाय, म्हणत होते.”

“आणि हीटर?”

“त्याचं कुणी काही बोललं नाही.”

“स्ताना, गप्प!” आई दबक्या आवाजात म्हणाली. “कूम आहेत ते.”

स्तानाने आईकडे पाहिलं. मग यागोदाच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. आणि हातांचं पीठही न धुता तिने तिहोमिरच्या घराची वाट धरली.