नात्यातल्या मुलांचे तास

ग्लेनिस आपला नातू नोरीनकडे ठेवणार, असं कळलं तेव्हा गल्लीत कोणाचा विश्वास बसेना. आम्ही तिघी घरीच पाळणाघर चालवतो. इंग्लंडमधल्या बेकप गावातल्या चढावरची एकच गल्ली. ग्लेनिस वरच्या टोकाला, नोरीन अगदी खाली, आणि मी मध्ये. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या ताब्यातल्या मुलांची नाकं पुसत आलोय, आणि तितकीच वर्षं त्या दोघी एकमेकींना टोचत आल्यात. ग्लेनिसच्या मते नोरीन मुलांना बिस्किटांवर वाढवते. नोरीनच्या मते ग्लेनिसकडची मुलं शिंकायचीसुद्धा परवानगी मागतात.

पण ग्लेनिसचा नाइलाज होता. तिची मुलगी बेथनी इस्पितळात कामाला आहे; तेव्हा राहायची आईकडेच. विल्फ पोटात असतानाच त्याचा बाप निघून गेला, आणि विल्फ चालायला लागायच्या आधीपासून आजीकडेच असायचा. आता आमच्या कामात नियम असा, की आई-बाप कमावते असतील तर त्यांच्या लहान मुलाचे आठवड्यातल्या बऱ्याचशा तासांचे पैसे सरकार भरतं. एकटी आई असली तरी तेच. तिने दर तीन महिन्यांनी आपली नोकरी चालू असल्याचं कळवायचं. पैसे काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मूल सांभाळणारीला मिळतात. फक्त मूल तिच्या नात्यातलं असता कामा नये. आजीने नातवाला सांभाळलं तर ते सरकारच्या लेखी काम नव्हे, माया. बरं, माया म्हणून जागा अडायची थांबत नाही. पाच वर्षांखालची तीनच मुलं एकीला ठेवता येतात आणि नातू त्या तिघांत धरला जातो. त्यामुळे ग्लेनिसची एक जागा कायमची फुकट जात होती, आणि पाळणाघर बंद करून कुठेतरी दुकानात उभं राहावं, असं ती बोलायला लागली होती. तसं झालं असतं तर विल्फलाही कोण बघणार, आणि बेथनीची नोकरी तरी कशी टिकणार?

नोरीनचीही तीच गत. तिचा मुलगा डेक्लन घरांची छपरं दुरुस्त करतो, आणि तोही तेव्हा आईकडेच राहायचा. त्याची बायको घटस्फोट घेऊन नवं घर मांडायला स्पेनला गेली ती मुलीला इथेच ठेवून, आणि ती मुलगी, एडी, नोरीनच्या गळ्यात.

मंगळवारी आम्ही सगळ्या चर्चच्या हॉलमध्ये मुलं घेऊन जमतो. तिथे नोरीनच म्हणाली, "तू माझी ठेव, मी तुझा ठेवते. मग दोघींनाही काउन्सिल पैसे देईल."

ग्लेनिस म्हणाली की तिचा नातू इतक्यात बिस्किटांवर जगायला शिकलेला नाही. पण घरी गेल्यावर तिने काउन्सिलला फोन केला. एकदा नव्हे, तीनदा केला, कारण फोन उचलणाऱ्या पहिल्या दोघींवर तिचा विश्वास बसला नाही. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: मूल तुमच्या नात्यातलं नाही ना? मग हरकत नाही.

तर ईस्टरनंतर विल्फ गल्लीच्या खालच्या टोकाला गेला आणि एडी वरच्या टोकाला आली. पहिले काही दिवस ग्लेनिसला बाकीच्या मुलांना घेऊन फिरायला जायची फार हौस आली, आणि दर वेळी वाट नेमकी नोरीनच्या खिडकीवरूनच जायची. नोरीन आतून हात हलवायची, आणि विल्फच्या तोंडाला लागलेलं चॉकलेट मुद्दाम पुसायची नाही. एडीला ग्लेनिसने काटे-चमचे मांडायला शिकवलं. एकदा घरी गेल्यावर त्या पोरीने आजीला सांगितलं की काटा डावीकडे असतो. नोरीन माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझ्याच घरात मला वळण लावायला लागलीये. ग्लेनिसने छोटी ग्लेनिस तयार केलीय गं, अ‍ॅग्नेस." तक्रार होती, पण ती सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी डेक्लन एडीला न्यायला चढ चढायचा, आणि बेथनी विल्फला न्यायला चढ उतरायची. मुलं घेऊन परत फिरली की दोघांची गाठ माझ्या दारासमोर पडायची. तिथे मुलांनी एकमेकांना मिठी मारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मुलांनीच ठरवून टाकलं. मिठ्या मारून झाल्या की मुलं माझ्या पायऱ्यांवर उड्या मारायची आणि मोठी माणसं पावसावर बोलायची. आमच्याकडे पाऊस असतोच, त्यात बोलण्यासारखं विशेष काही नाही. पण ही दोघं पाऊण-पाऊण तास बोलायची. मी पडदा लावून घ्यायची. पडदा लावला तरी हसण्याचा आवाज येतोच. बेथनीला इतकं हसताना मी शाळेनंतर ऐकलं नव्हतं.

पुढच्या वसंतात त्यांनी लग्न ठरवलं.

ते सांगायला सगळे ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात जमले होते. मी मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचं रिकामं भांडं परत द्यायला गेले, तर मलाही बसवून घेतलं. ग्लेनिस रडली, नोरीनने तिला रुमाल दिला आणि वर म्हणाली की रुमाल धुऊन परत हवा. मग नोरीनच मध्येच थांबली. चहाचा कप खाली ठेवला.

"पण मग मी विल्फची आजी झाले की," ती म्हणाली.

पहिल्यांदा सगळे हसले. नंतर एकेकाच्या लक्षात आलं. लग्नाने जोडलेलं नातंही नातंच धरतात. लग्न लागलं की नोरीन विल्फची आजी, ग्लेनिस एडीची आजी, आणि दोन्ही मुलांचे सगळे तास बंद. ग्लेनिसने तिथल्या तिथे फोन लावला, आणि पलीकडच्या मुलीने आधी तिचं अभिनंदन केलं, मग तेच सांगितलं.

नोरीन म्हणाली, लग्न हवंच कशाला, नुसतं एका घरात राहा. चर्चची पायरी न चढता एकत्र राहणाऱ्यांना काउन्सिल काही विचारत नाही. ग्लेनिसला ते पटलं नाही, पण तिचा तोडगाही फारसा वेगळा नव्हता. विल्फ शाळेत जाईपर्यंत थांबा, ती म्हणाली. शाळा सुरू झाली की तास लागणारच नाहीत, मग खुशाल करा. दोनच वर्षांचा तर प्रश्न. दोघी आज्या एकाच बाजूने बोलायला लागल्या, आणि हे मी पहिल्यांदा पाहत होते.

डेक्लन खाली बुटांकडे बघत राहिला. बेथनी म्हणाली, "थांबू ना. त्यात काय एवढं." आणि उठून कप विसळायला लागली. धुतलेला कप तिने पुन्हा धुतला. ती पाठमोरी होती. ग्लेनिसचं लक्ष नोरीनशी हिशेब जुळवण्यात होतं. पण मला त्या पोरीची मान दिसत होती. एकदा एक माणूस तिला लग्नाचं म्हणता म्हणता निघून गेला होता. तिला एका घरात राहायचं नव्हतं, थांबायचंही नव्हतं. चारचौघांसमोर कोणीतरी तिचा हात धरून 'हो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच ती मागू शकत नव्हती, कारण नोकरी गेली तर विल्फला खायला काय घालायचं?

माझ्याकडची दोन्ही मोठी मुलं सप्टेंबरात शाळेत जाणार होती. म्हणजे दोन जागा रिकाम्या. मी कोणाच्याच नात्यातली नाही. मला नवरा नाही, मूल नाही, भाचरं ऑस्ट्रेलियात. हे त्या स्वयंपाकघरात माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं कसं? दोन आज्यांच्या मांडीवरची दोन मुलं मला द्या, आणि त्यांचे पैसेही मला द्या, असंच झालं असतं ते. मी भांडं ठेवलं आणि घरी आले. त्यांनी ठरवायचं ते ठरवावं, अशी प्रार्थना केली, आणि सारखी तेवढीच करत राहिले.

सकाळी मुलं यायच्या आधी मी थोडा वेळ मेणबत्ती लावून प्रार्थनेला बसते. तेवढं झाल्याशिवाय चहा घेत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. एका सकाळी उठून दार उघडलं, तर ग्लेनिस बाहेर पायरीवर बसलेली. अंगावर गाऊन, वरून रेनकोट. थांबली होती.

आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. म्हणाली, रात्री बेथनीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि बेथनी आरशासमोर उभी राहून खिडकीचा पांढरा जाळीचा पडदा नवरीसारखा डोक्यावर धरून बघत होती. आईची चाहूल लागल्याबरोबर तिने पडदा सोडला आणि म्हणाली, धुवायला काढत होते. "तेवीस वर्षांत त्या पोरीने कधी पडदा धुवायला काढलेला नाही," ग्लेनिस म्हणाली.

मी चहा ठेवला.

"अ‍ॅग्नेस, तुझ्याकडे जागा होणार आहेत ना?"

मी म्हटलं, होणार आहेत.

"मग तू एवढे दिवस गप्प का बसलीस?"

"तू विचारायची वाट बघत होते."

"तुझी ती प्रार्थना एखाद दिवशी जरा मोठ्याने करत जा," ती म्हणाली, आणि मग मात्र खुर्चीवर बसली. रेनकोटच्या खिशात रुमाल शोधायला लागली. दोन्ही गेली म्हणजे, ती म्हणाली. विल्फ तर गेलाच होता, पण निदान एडी होती, काटे मांडायला. आता सकाळी दार उघडलं की दोघांपैकी कोणीच नाही. आणि नोरीनला हे सांगायचं कोणी?

सांगितलं तिनेच. चहा पिऊन तशीच गाऊनवर चढ उतरून गेली. नोरीनचं काय उत्तर आलं ते मी नंतर ऐकलं. नोरीन आधी म्हणाली, मुळीच नाही. मग म्हणाली, शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून अ‍ॅग्नेस पोरांना मासेच घालते, एडीला मासे आवडत नाहीत. शेवटी म्हणाली, "माझा डेक्लन गेल्या वेळी रजिस्ट्रारकडे साध्या पँटवर उभा राहिला होता. या वेळी सूट हवा."

सप्टेंबरात लग्न झालं. बेथनीने डोक्यावर खरी जाळी घेतली होती. दोघी आज्या पहिल्या बाकावर शेजारी बसल्या आणि एकमेकींच्या टोपीमुळे दिसत नाही म्हणून कुरकुरल्या.

त्यानंतरच्या सोमवारी विल्फ आणि एडी माझ्याकडे आली. बेथनी इस्पितळात गेली, डेक्लन कुठल्याशा छपरावर. ग्लेनिस आणि नोरीन दोघींकडेही रिकाम्या जागांवर नवी मुलं आली होती, त्यामुळे हात रिकामे नव्हते. तरी मी दहाच्या सुमाराला बागेत गेले, तर दोघी आपापल्या बाबागाड्या घेऊन आधीच एका बाकावर. एरवी त्या एका बाकावर बसत नाहीत.

मी त्यांना हात केला आणि मुलांना दोरीच्या जाळीकडे सोडलं. एडीने वर चढून खाली बघितलं. विल्फ अर्ध्यावर गेला आणि घसरून पडला. गुडघ्यावर आपटला. भोकाड पसरलं.

दोघी एकदम उठल्या. आणि मग, मी बघत होते, दोघी पुन्हा बसल्या. ग्लेनिसने बाबागाडीची मूठ घट्ट धरली. त्या वेळात तो माझ्या ताब्यात होता, आणि आमच्या कामात दुसरीच्या ताब्यातलं मूल पडलं तर तिच्याआधी आपण उचलायचं नसतं. तो रिवाज ग्लेनिसनेच मला शिकवला होता, नवीन असताना.

मी जाळीपर्यंत पोचायच्या आधीच विल्फ उठला होता. त्याने इकडे तिकडे बघितलं. बाकावर एक आजी, तिच्या शेजारी दुसरी आजी, आणि समोरून येणारी मी. एवढी माणसं एका गुडघ्याला त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. मी मागे सरले आणि बाकाकडे मान हलवली.

तो आधी ग्लेनिसकडे गेला. गुडघा दाखवला आणि रडला. तिने फुंकर घातली. मग तो नोरीनकडे गेला, तोच गुडघा दाखवला, आणि पुन्हा पहिल्यापासून रडला. तिनेही फुंकर घातली, आणि वर खिशातून काहीतरी काढून त्याच्या तोंडात घातलं. माझ्यापर्यंत आला तेव्हा रडू संपलं होतं. तोंडात बिस्कीट असल्यामुळे बोलता येत नव्हतं. त्याने नुसता गुडघा पुढे केला, आणि माझी फुंकर पुरती घालून व्हायच्या आत परत जाळीकडे पळाला.

"बघितलंस?" ग्लेनिस नोरीनला म्हणत होती. "आधी माझ्याकडे आला."

"अलीकडच्या टोकाला बसलीयेस म्हणून," नोरीन म्हणाली. "उद्या तिथे मी बसणार."